बायबल रोज वाचायचंय? तारखांचा तक्ता बाजूला ठेवा, पानात खूण ठेवा

एखाद्याचं वाचन कुठे अडकलंय हे बघायचं असेल ना, तर त्याचं बायबल मिटून पानांच्या कडा बघायच्या. पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, कडा चांगल्या मळलेल्या, दुसऱ्या, निर्गमच्या, निम्म्यापर्यंत थोड्या मळलेल्या, आणि तिसरं, लेवीय, सुरू झालं की पानं एकदम कोरी करकरीत. मग मधे स्तोत्रसंहितेचा एक मळका पट्टा आणि पुढे शुभवर्तमानांचा, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांचा. माझ्या बायबलच्या कडा कितीतरी वर्षं अशाच होत्या. तीन वेळा १ जानेवारीला उत्साहात सुरुवात केली, आणि तिन्ही वेळा लेवीयातल्या होमबलीच्या (वेदीवर जाळायच्या बळीच्या) नियमांपाशी गाडी बंद पडली. तेव्हा वाटायचं आपल्यातच विश्वास कमी आहे, आता वाटतं की विश्वासापेक्षा पद्धतच जास्त चुकत होती, त्यामुळे हे सगळं पद्धतीबद्दलच लिहितोय.

आधी जरा हिशोब

प्रॉटेस्टंट बायबलमधे ६६ पुस्तकं, एकूण १,१८९ अध्याय, त्यातले ९२९ जुन्या करारात (येशूच्या आधीचा भाग) आणि २६० नव्या करारात (येशूपासून पुढचा). कॅथलिक बायबलमधे ७३ पुस्तकं, म्हणजे थोडं अजून जास्त. आता १,१८९ ला ३६५ ने भागा, रोजचे सव्वातीन अध्याय येतात. ऐकायला काहीच वाटत नाही, पण सलग चार दिवस आजारपण आलं किंवा प्रवास आला की पाचव्या दिवशी डोक्यावर १३ अध्याय जुने अधिक त्या दिवशीचे तीन, आणि तिथेच माणूस म्हणतो जाऊदे, पुढच्या वर्षी बघू. शिवाय या वेगाने उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० जानेवारीच्या अखेरीस संपतात, म्हणजे नव्या वर्षाचा उत्साह ओसरायला आणि लेवीय यायला एकच गाठ पडते!

वर्षभराचे प्लॅन वाईट असतात असं नाही. सगळ्यात प्रसिद्ध प्लॅन आहे स्कॉटलंडच्या डंडी शहरातले तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅक्चेन यांचा, १८४२ साली त्यांनी आपल्या मंडळीसाठी (चर्चच्या लोकांसाठी) केलेला. रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार अन् स्तोत्रं दोनदा. पण गंमत अशी की तो तक्ता देतानाच त्यांनी धोकेही लिहून ठेवले होते, वाचन नुसता उपचार होईल, वाचणाऱ्याला स्वतःबद्दल फुशारकी वाटायला लागेल, घाईघाईत वाचलं जाईल, आणि काहींना ते न झेपणारं ओझं होईल. आपण तक्ता घेतला आणि धोक्यांचा भाग वाचायचा राहिला.

तारीख काढून टाका

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, बाकी सगळं नंतर. प्लॅनमधे अध्याय असू देत पण त्यांच्यापुढे तारीख नको. कागदाची एक जाड पट्टी घ्या, जिथे थांबलात तिथे ठेवा, उद्या तिथून पुढे. चार दिवस गेले तरी पाचव्या दिवशी पट्टी जिथे आहे तिथून पुढेच. थकबाकी नाही म्हणजे नाही. निर्गमच्या १६ व्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएली लोकांना दिलेलं अन्न, रोजच्या रोज गोळा करायचा असतो आणि काहींनी उद्यासाठी साठवून ठेवला तर त्यात किडे पडतात, (शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा सोडून) तो प्रसंग मला या बाबतीत नेहमी आठवतो. तिथे मागच्या चार दिवसांचा मान्ना आज एकदम खा असं कोणी सांगत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात यावर ९६ जणांचा अभ्यास केला होता, २००९ मधे तो प्रसिद्ध झाला. त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसात फरक प्रचंड, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. (६६ पुस्तकं आणि ६६ दिवस हा नुसता योगायोग, त्यावर लगेच संदेश तयार करू नका.) आपल्या कामाचा भाग पुढेच आहे, मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडला नव्हता. मग चुकलेला दिवस एवढं नुकसान का करतो? माझं मत असं की त्या दिवसाची जी टोचणी लागते तीच माणसाला पुस्तकापासून लांब ठेवते, आठवडाभर लांब राहिलं की मग उघडायचीच लाज वाटते.

तरी ज्यांना आकडा लागतोच त्यांच्यासाठी एक सोपा हिशोब सांगतो. नव्या कराराचे २६० अध्याय, वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय, बरोबर वर्षात नवा करार पूर्ण होतो आणि आठवड्याला दोन दिवस राखीव हातात राहतात. पहिल्या वर्षाला मी हाच सांगेन, सव्वातीनवाला नाही.

घड्याळापेक्षा रोजच्या कामाला बांधा

सहा वाजता उठून वाचणार असं ठरवलं की ज्या दिवशी सात वाजतात त्या दिवशी वाचन गेलं. त्यापेक्षा जे काम तुम्ही कसंही करून रोज करताच त्याच्या शेपटीला वाचन बांधा. दात घासून झाले की, मुलं झोपली की, कामाच्या जागी पोचून खुर्चीत बसलो की. आणि पुस्तक त्याच जागी उघडं दिसेल असं ठेवा, कपाटात नीट आवरून ठेवलेलं बायबल आदराचं असतं पण वाचलं जात नाही. सकाळच चांगली असा काही लोकांचा फार आग्रह असतो, पण पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन असं म्हटलंय, त्यामुळे रात्रपाळीवाल्यांनी मनाला लावून घेऊ नये.

किती वेळ? सुरुवातीला दहा मिनिटं, त्यातली पाच वाचायला. संपूर्ण बायबल मोठ्याने वाचायला साधारण ७० ते ८० तास लागतात, म्हणजे एक सरासरी अध्याय चार मिनिटांच्या आतबाहेर. अगदीच पडेल दिवसासाठी किमान काय ते आधीच ठरवून ठेवा, माझं किमान आहे पट्टी असलेल्या पानावरची पाच वचनं, बस. ११७ वं स्तोत्र तर दोनच वचनांचं आहे आणि तेही पूर्ण स्तोत्रच आहे ना.

भाषांतर, फोन वगैरे

याच्यावर जास्त वेळ घालवू नका, बरेच जण चांगलं भाषांतर शोधण्यातच महिना काढतात. एक जुन्या धाटणीचं, जे मंडळीत वाचतात ते, आणि एक सोप्या चालू भाषेतलं, अशी दोन पुरेत. रोजचं वाचन सोप्यात, अडलं की दुसऱ्यात डोकवा. दोघांचा शब्द वेगळा निघाला तर तिथे मूळ भाषेत काहीतरी विचार करण्यासारखं आहे असं समजा.

फोनवर अॅप चांगली आहेत, ऑडिओ तर फारच उपयोगी, पण अॅप उघडताना वरून मेसेज टपकतो आणि पाच मिनिटांनी आपण भलतीकडेच असतो. फोनवरच वाचणार असाल तर आधी एअरप्लेन मोड लावा. आणि अॅपमधले ते सलग दिवस मोजणारे आकडे असतात ना, जमलं तर बंदच करा, २१३ दिवसांचा आकडा तुटला म्हणून वाचनच सोडलेला माणूस मी पाहिलाय, माझ्या घरातच.

बसल्यावर नेमकं काय करायचं

हा भाग सगळे गाळतात. वाचा म्हणतात, पण कसं ते सांगत नाहीत, मग डोळे ओळींवरून फिरतात आणि अध्याय संपल्यावर काय वाचलं ते आठवत नाही.

पहिलं म्हणजे आवाज काढून वाचा. पुटपुटलात तरी चालेल. स्तोत्र १ मधे मननासाठी जो हिब्रू शब्द आहे त्याचा अर्थच मुळात पुटपुटणं, गुणगुणणं असा आहे, यशयाच्या ३१ व्या अध्यायात सिंह शिकारीवर गुरगुरतो तिथेही तोच शब्द वापरलाय. जुन्या काळात आवाज काढून वाचणं सर्रास चालायचं, चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचायचे याचं पुढे मोठा ख्रिस्ती लेखक झालेल्या ऑगस्टीनला इतकं वेगळं वाटलं की त्याने ते लिहून ठेवलं. आवाजाने स्पीड आपोआप कमी होतो आणि मन पळालं की आवाजही थांबतो, त्यामुळे चोरी लगेच पकडली जाते.

दुसरं, अध्यायाच्या आकड्यावर आंधळेपणाने थांबू नका. हे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आज वापरतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी पाडले असं मानतात, आणि नव्या करारातल्या वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने १५५१ मधे घातले. कधीकधी तोड चुकीच्या जागी पडलीय. दुःख सोसणाऱ्या सेवकाचं यशयातलं प्रसिद्ध गीत ५३ व्या अध्यायात सुरू होतं असं वाटतं, पण ते खरं ५२ च्या १३ व्या वचनापासून आहे. १ करिंथकर ११ चं पहिलं वचन वाचा, ते दहाव्याचं शेवटचं वाक्य आहे हे कोणालाही कळेल. म्हणून विषय संपेल तिथे पट्टी ठेवायची, मग तो अर्धा अध्याय असो नाहीतर दीड.

तिसरं, वाचून झालं की पुस्तक तसंच उघडं ठेवून स्वतःला विचारायचं, इथे कोण कोणाशी बोलतंय आणि का? मग, देव कसा आहे याबद्दल इथे काय दिसलं? आणि शेवटी, मला यातलं काय कळलं नाही? माझ्या मते तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण पहिल्या दोघांची उत्तरं आपण सवयीने तयारच ठेवलेली असतात. वहीत एक ओळ लिहायची, फक्त एक, तारीख नाही लिहिली तरी चालेल. न कळलेल्या गोष्टीसमोर प्रश्नचिन्ह. माझ्या वहीत अशी प्रश्नचिन्हं ढीगभर आहेत, त्यातली काही पुढच्या पुस्तकांत आपोआप सुटली, काही अजून तशीच आहेत आणि त्यांच्यासोबत राहायची आता सवय झालीय.

चौथं, जे वाचलं त्यातलाच एखादा शब्द घेऊन प्रार्थना. लांब नको. बाराव्या शतकात ग्विगो दुसरा नावाच्या मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापुढे नुसतं शांत बसणं अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितलीय. शेवटच्या पायरीवर मी बऱ्याचदा पेंगतो, खोटं कशाला सांगू.

एकच वचन उचलायची खोड

रोज सकाळी फुलांच्या फोटोवर लिहून येणारं वचन वाचणं म्हणजे बायबल वाचणं नाही, हे जरा स्पष्टच बोलतो. यिर्मया २९:११ सगळ्यांना पाठ असतं, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे. आता त्याच्या मागचं दहावं वचन वाचा. हे बाबेलमधे बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्यात त्यांना सांगितलंय की सत्तर वर्षं लागतील. म्हणजे जी मोठी माणसं ते ऐकत होती त्यातल्या बऱ्याच जणांना परत जाणं दिसणारच नव्हतं, आणि तरी त्यांना तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. एवढं कळल्यावर ते वचन हलकं होत नाही, उलट जड होतं. फिलिप्पै ४:१३ चंही तेच, सर्वकाही करायला शक्तिमान आहे हे वाक्य ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने उपाशी राहणं आणि भरपूर असणं या दोन्हीत तृप्त राहायला शिकण्याबद्दल लिहिलंय, परीक्षेत पहिला येण्याबद्दल नाही. नियम साधा ठेवा, कुठलंही वचन आवडलं की त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वाचायचीच.

सगळ्या पुस्तकांना एकच वेग नको

गोष्टी सांगणारी पुस्तकं, म्हणजे उत्पत्ति, शमुवेल, राजे, शुभवर्तमानं, ही जरा भरभर वाचा. मार्क तर एका बैठकीत दीड तासात वाचून बघाच एकदा, तो किती घाईत लिहिलाय ते तुकड्यातुकड्यांत कळत नाही. पत्रं उलट, रोज दहा-बारा वचनं पुरेत, पण सुरू करायच्या आधी एकदा अख्खं पत्र सलग वाचायचं, शेवटी ते पत्र आहे, कोणी पत्र रोज एक परिच्छेद असं वाचत नाही. फिलेमोन, यहूदा, योहानाचं दुसरं आणि तिसरं पत्र, ही तर एकेका अध्यायाची आहेत.

नीतिसूत्रांचे ३१ अध्याय म्हणून महिन्याच्या तारखेप्रमाणे एक अध्याय वाचायची पद्धत खूप जण वापरतात, मला ती जमली नाही, सलग तीस सल्ले वाचले की एकही आत जात नाही, मी तीन-चारच वचनं घेतो. स्तोत्रं मात्र रोज एक, बाकी काहीही वाचत असलात तरी. ११९ वं लागलं तर घाबरू नका, १७६ वचनं आहेत पण ती हिब्रू अक्षरांप्रमाणे आठ-आठ वचनांच्या २२ भागांत आहेत, रोज एक भाग घ्या. आणि ८८ वं स्तोत्र मुद्दाम वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी आशेचं वाक्यही नाही. ज्या दिवशी प्रार्थना करावीशीच वाटत नाही त्या दिवशी ते मला फार उपयोगी पडलंय.

संदेष्ट्यांची पुस्तकं काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत, त्यामुळे सलग वाचताना गोंधळ होणारच. हाग्गय आणि जखऱ्या वाचायचे तर एज्राचे ५ आणि ६ अध्याय आधी वाचा, तीच माणसं, तेच अर्धवट राहिलेलं मंदिर. तसंच प्रेषितांची कृत्ये वाचताना १६ व्या अध्यायाला फिलिप्पै, १७ ला थेस्सलनीका, १८ ला करिंथ येतं, तिथे थांबून त्या त्या मंडळीला लिहिलेलं पत्र वाचलं की पत्रातली माणसं जिवंत होतात. वंशावळी भरभर वाचा, १ इतिहासाचे पहिले नऊ अध्याय एका बैठकीत उरकले तर काही बिघडत नाही, नावं ऐकू द्या कानाला, पाठ करायची नाहीत.

एकट्याने नको

प्रेषितांची कृत्ये ८ मधे इथिओपियाचा तो अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो, फिलिप्प विचारतो कळतंय का, तो म्हणतो कोणी सांगितल्याशिवाय कसं कळणार. (फिलिप्पला तो वाचतोय हे कळलं कसं? ऐकू आलं! म्हणजे तोही आवाज काढूनच वाचत होता.) एक माणूस शोधा, जोडीदार, मित्र, मंडळीतलं कोणीही. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं, दोघांनी आपापल्या वहीतली प्रश्नचिन्हं वाचून दाखवायची. किती वाचलं हे विचारायचं नाही, काय अडलं हे विचारायचं, या एका फरकाने त्या भेटीची हजेरी होत नाही. मोठा ग्रुप केला तर बोलणारे तिघंच बोलतात असा माझा अनुभव.

मग सुरुवात कुठून

माझा रस्ता असा. मार्क १६ अध्याय, मग रूथ आणि योना, चार-चार अध्यायांच्या छोट्या गोष्टी, मग उत्पत्ति ५०, निर्गम पहिल्या २० पर्यंत म्हणजे दहा आज्ञांपर्यंत, मग योहान २१, प्रेषितांची कृत्ये २८, आणि इब्री लोकांस पत्र १३. बेरीज १५६. दिवसाला एक, सुट्टीचे दिवस धरून सहा-सात महिने. मार्कच्या शेवटी ९ ते २० या वचनांना काही बायबलांत कंस किंवा टीप दिसेल, सगळ्यात जुन्या हस्तलिखितांमधे ती नाहीत म्हणून, एवढं आधीच सांगून ठेवतो म्हणजे दचकायला नको.

इब्री झाल्यावर निर्गमचे राहिलेले २० घ्या, त्यात मंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं आहेत, तीही भरभर चालतील, आणि मग लेवीय. मी चौथ्यांदा हे असं केलं. इब्रीचा ९ वा अध्याय ताजा होता, महायाजक (मुख्य पुरोहित) वर्षातून एकदाच मंडपाच्या अगदी आतल्या भागात जातो, तेही रक्त घेऊन, हे डोक्यात होतं, आणि लेवीय १६ उघडल्यावर तोच दिवस समोर आला, ते दोन बकरे, त्यातल्या एकावर हात ठेवून सगळ्यांची पापं कबूल करून त्याला रानात सोडणं. मधली दोन-तीन प्रकरणं, त्वचारोगाची आणि भिंतीवरच्या चट्ट्यांची, अजूनही मला जडच जातात. पण २७ अध्याय पाच आठवड्यांत संपले, मधे सहा दिवस पट्टी जागची हलली नव्हती तरी.